बाटलीतली आजी

विकतच्या लोणच्याच्या बाटलीवर पुढून आजी असते आणि मागून रसायनशास्त्र. पुढे 'घरगुती चव', 'परंपरा', 'आजीच्या हातचं'. मागे ॲसेटिक ॲसिड 260, सोडियम बेंझोएट 211. केडगाव स्टेशनच्या बाजारात कुठल्याही किराणा दुकानासमोर उभं राहा. फळीवर बाटल्या, त्याखाली पाऊच, वरून लोंबणाऱ्या पुड्यांच्या माळा. गिऱ्हाईक आजी बघतं आणि बाटली उचलतं. मागचं बारीक अक्षर वाचायला चष्मा लागतो, आणि चष्मेवाली खरी आजी घरी मालिका बघत बसलेली असते.

गाव कसलं, तर उसाचं, गुऱ्हाळांचं, कांद्याच्या लिलावाचं. बांधावर लिंबोणी, वाफ्यात मिरची. तरी आमचा शेतकरी सकाळी मिरचीचं पोतं मार्केटला टाकतो, भाव पडला म्हणून आडत्याला शिव्या देतो, पट्टी खिशात घालतो आणि परतताना दुकानातून मिरचीच्या लोणच्याची बाटली घेऊन घरी येतो. त्या बाटलीतल्या मिरचीचा किलोला काय भाव पडला, हा हिशोब तो करत नाही. केला तर जेवण जाणार नाही.

यावर पारावरचं ठरलेलं निदान म्हणजे, हल्लीच्या सुनांना काही येत नाही. हे 'हल्ली' जरा तपासू. व्ही. पी. बेडेकरांचं गिरगावातलं दुकान 1910 सालचं. प्रवीण मसालेवाले पुण्यात 1962 ला सुरू झाले, आणि जळगाव जिल्ह्यातल्या उत्राणचं निलॉन्सही 1962 चंच. म्हणजे ज्या आजीच्या नावानं उसासे टाकायचे, तिच्या तरुणपणीच विकतचं लोणचं दुकानात मांडलेलं होतं. तिनं घेतलं नसेल, तर बहुधा पैसे हातात नसतील म्हणून.

आणि आजीच्या बरणीचे नियम आठवतात का? पाण्याचा हात नको. बरणी धुऊन उन्हात कडकडीत वाळवायची, तोंडाला दादरा बांधायचा. इथवर शास्त्र ठीक आहे. पुढचा नियम असा की, 'बाहेरची' बाई बरणीजवळ गेली तर लोणचं नासतं. आता लोणच्याच्या कारखान्यांत, बचत गटांच्या शेडमध्ये महिन्याचे सगळे दिवस बायाच मिरच्या निवडतात, मसाला कालवतात, बाटल्या भरतात. त्या मालावर वर्षभराची मुदत छापून येते आणि माल नासत नाही. जिथं शिवाशिव पाळतात त्या घरातही ती बाटली देवघराशेजारच्या फडताळात निवांत बसते. सोडियम बेंझोएटनं एवढं मोठं समाजकार्य केलं, पण त्याच्या नावानं एक चौक नाही.

असो. विकत घ्यायचंच, तर काय घ्यावं? माझं मत सरळ आहे. कैरी घेऊ नये, लिंबू चालेल, मिरची घ्यावी.

कैरीचा हंगाम दोन महिन्यांचा आणि बाटल्या बाराही महिने भरायच्या, म्हणून फोडी पिंपात मिठाच्या पाण्यात मुरवून ठेवतात. लागतील तशा काढायच्या, खारटपणा उतरवायचा, मसाल्यात घालायच्या. एवढे हाल झालेली फोड दाताखाली कुरकुरेल कशी? बाजारात मोठ्या अडकित्त्यावर कोयीसकट फोडून घेतलेल्या कैरीची सर तिला येत नाही. लिंबाचं तसं नाही, ते मुरेल तितकं सुधारतं. मिरची तर साल जाड असल्यानं पिंपालाही पुरून उरते. फक्त रंग बघा. आंबटात हिरवा रंग टिकत नाही, महिन्या-दोन महिन्यांत मिरची पिवळट, शेवाळी होते आणि ती तशीच दिसायला हवी. बाटलीतली मिरची वाफ्यातल्यासारखी हिरवीगार दिसली, तर मागे 102 किंवा 133 हे आकडे शोधा. ते रंगांचे क्रमांक आहेत.

मागची बाजू वाचायची एकच युक्ती पुरते. जिन्नस वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात. यादीत मिरची पहिली असेल तर ते मिरचीचं लोणचं. मीठ आणि तेल तिच्या पुढे बसले असतील, तर तुम्ही मिठाचं लोणचं घेतलंय, मिरची पाहुणी म्हणून आलीय. मिठाचं म्हणाल तर खारवलेल्या लोणच्यात ते किमान 12 टक्के असावं, हा सरकारी नियमच आहे. मोठा चमचाभर, म्हणजे 15 ग्रॅम लोणचं घेतलंत की पावणेदोन ग्रॅमच्या वर मीठ पोटात गेलं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत राहा म्हणते. ताटात डाव्या बाजूला लोणचं वाढणाऱ्यांना हे आधीच कळलेलं असावं. डावं म्हणजे बोट लावून चाटायचं. भाजीसारखं वाटीत घेऊन बसायचं नसतं.

आता मुद्द्याची गोष्ट. बाटलीत खरा ऐवज खार आहे. मिरच्या संपल्या की लोक बाटली विसळून मोकळे होतात आणि निम्मे पैसे मोरीत जातात. हा खार स्वयंपाकात घालायचा असतो, आणि इथेच बहुतेक जण माती खातात, कारण ते तो फोडणीत घालतात. तापल्या तेलात मेथीची पूड आणि मोहरीची डाळ जळते, भाजी कडू होते, मग नाव लोणच्याला. मोहरीचा झणका वाटून, ओली करून, फेसून उठतो. घरी फेसताना नाकातून पाणी येतं ते त्यामुळेच. चुलीवर तो झणका उडून जातो. म्हणून खार शेवटी घालायचा, गॅस बंद केल्यावर.

पिठलं करा, मीठ निम्मं घाला, उतरवल्यावर दोन चमचे खार आणि लोणच्यातली एक मिरची बारीक चिरून वरून. थालीपिठाचं पीठ मळताना पाण्याबरोबर थोडा खार घाला, तिखट-मीठ वेगळं लागत नाही. शिळ्या भाकरीचा कुस्करा असाच. पण सगळ्यांत वर दडपे पोहे. त्यांना लिंबू, मीठ, मिरची आणि फोडणी एवढंच तर हवं असतं. त्यातलं पहिलं त्रिकूट लिंबू-मिरचीच्या लोणच्यात एकत्र नांदतंय. पातळ पोहे, केडगावच्या बाजारातला कांदा भरपूर, दाण्याचं कूट, दोन-तीन चमचे खार, चिरलेली मिरची. दडपून ठेवा आणि वरून हिंग-जिऱ्याची साधी फोडणी. कोकणातली माणसं ओल्या नारळाशिवाय याला दडपे पोहे म्हणणार नाहीत. न म्हणोत. त्यांच्याकडे कांदा महाग असतो.

आमच्याच भागाच्या नावानं, भीमथडीच्या नावानं, पुण्यात दरवर्षी जत्रा भरते. बारामतीचा ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट ती भरवतो, बचत गटांच्या बाया बरण्या घेऊन जातात. झाकणावर कापड, त्याला सुतळी, आणि शहरातली मंडळी हरखून खरेदी करतात. बायांच्या हातात चार पैसे येतात, उत्तम आहे. एकेकाळी भीमथडीची तट्टं उत्तरेपर्यंत गेली, आता लोणचं पुण्यापर्यंत जातं. गावात मात्र त्याच बाईची शेजारीण तिचं लोणचं विकत घेत नाही. 'ती काय वेगळं घालते?' म्हणते आणि दुकानातली छापील आजी घेऊन येते.

हायवेला चौफुल्यापासून पुढे-मागे पिझ्झा पोचलाय, त्याच्या मागोमाग हलापीनोची बाटलीही आली. मेक्सिकोतल्या हालापा शहराच्या नावाची ही मिरची. तिखटपणाच्या मोजपट्टीवर ती अडीच ते आठ हजारांच्या घरात, म्हणजे आपल्या लवंगीपुढे ढोबळी मिरचीची मावसबहीण. व्हिनेगरमध्ये बुडलेल्या हिरव्या चकत्या, आणि किंमत आजीवाल्या बाटलीच्या दुपटीपेक्षा जास्त. पोरं हट्टानं आणायला लावतात, पिझ्झ्यावर चार चकत्या घालतात आणि बाटली फ्रीजच्या दारात वर्षभर राहते. ती टाकू नका. चकत्या एकदा पाण्यातून काढून कोथिंबीर वडीच्या पिठात चिरून घाला, आंबूसपणा चांगला लागतो. उरलेल्या आंबट पाण्यात आपल्या दोन-चार पोपटी मिरच्या कापून बुडवा, फ्रीजमध्ये ठेवा, आठ दिवसांत संपवा. पुण्याहून पाहुणे आले की बशीत काढून हलापीनो म्हणून वाढा. ठसका लागलाच, तर मेक्सिकोला नावं ठेवू द्या. तिथून कोणी केडगावला विचारायला येणार नाही.