पोचपावतीची सनद

पुणे आणि पिंपरी-चिंचवड या विद्यासंपन्न नगरांनी आपले सांडपाणी, काही शुद्ध करून व काही तसेच, मुळा-मुठेच्या स्वाधीन करावे, मुळा-मुठेने ते भीमेच्या हवाली करावे आणि भीमेने ते इंदापूर तालुक्यात, १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्यात, बिनतक्रार रुजू करावे, ही वहिवाट आता इतकी रूढ झाली आहे की तिच्या आधारे एक विद्याशाखाच उभी राहावी यात नवल नाही. बारामती-इंदापूरच्या महाविद्यालयांतील होतकरू संशोधकाने भिगवण गावाजवळ याच फुगवट्याच्या काठी दरमहा बाटल्या भराव्यात, विरघळलेला प्राणवायू, नायट्रेट व फॉस्फेट मोजावे, जाळ्यात देशी माशांऐवजी चिलापीच का येते याची मीमांसा करावी आणि ‘पाणी प्रदूषित आहे’ हा निष्कर्ष सुबक बांधणीत पुण्याच्या विद्यापीठात दाखल करावा. म्हणजे ज्या नगराने मैला रवाना केला त्याच नगरातून, तो सुखरूप पोचल्याबद्दल, पदवीची सनद मिळते. अखेरच्या प्रकरणातील शिफारशी अमलात येऊन पाणी खरोखरच निर्मळ झाले, तर पुढील तुकडीने विषय कोठून आणावा, ही चिंता सरकारदरबारी असावी, असे आमचे नम्र अनुमान आहे.