अडुसष्टकर

न्यू जर्सीत थंडी पडली की मराठी घराघरांतून एक गृहस्थ प्रकट होतो. आपण त्याला अडुसष्टकर म्हणू. थर्मोस्टॅटवर ६८ फॅरनहाइट, म्हणजे आपले २० सेल्सिअस, यापलीकडे त्याला काही मंजूर नाही. कुणी गुपचूप ७२ केलं, तर तळघरातल्या फर्नेसच्या नुसत्या आवाजावरून त्याला कळतं. पुण्याहून आलेल्या सासूबाईंना तो अदबीनं सांगतो, "आई, इथे घरातही स्वेटर घालायची पद्धत आहे." सासूबाई कानटोपी चढवून पोहे खातात आणि लेकीकडे बघतात. लोक त्याला चिक्कू म्हणतात. माझी तक्रार अशी, की तो पुरेसा चिक्कू नाही.

त्याचा हिशेब चुकतो असं मुळीच नाही. आतल्या-बाहेरच्या तापमानात जितका फरक, तितकी उष्णता घरातून निसटते. दिवसातले आठ तास तापमान सात ते दहा अंशांनी उतरवलं, तर वर्षाच्या खर्चात दहा टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते, असं अमेरिकेचं ऊर्जा खातंच सांगतं. यावर शेजारी हमखास म्हणतात, "अहो, सकाळी घर पुन्हा तापवायला तेवढाच गॅस जातो!" नाही जात. रात्रभर घर गार होतं, म्हणून गळतीही कमी झाली. ती बचत सकाळी कुणी परत मागायला येत नाही. (हीट पंपाचं गणित वेगळं. त्याच्या मदतीला विजेची कॉइल पेटली, तर कमावलेलं गेलंच.) स्वेटरच्या मुद्द्यावर तर त्याच्या बाजूला साक्षात राष्ट्राध्यक्ष आहेत. २ फेब्रुवारी १९७७ ला जिमी कार्टर कार्डिगन घालून टीव्हीवर आले आणि दिवसा ६५, रात्री ५५ ठेवा म्हणाले. त्या मानानं आपला माणूस उधळ्याच. अर्थात घरात म्हातारी माणसं असताना ६८ च्या खाली जाऊ नये, हेही खरं.

पण आकड्यावर पहारा देणाऱ्या या माणसाच्या घरात उष्णता जाते कुठून, ते बघा. पुढचं दार डॉलरच्या नोटेवर लावून ती ओढली, तर अलगद बाहेर येते. म्हणजे फट आहे. वाऱ्याच्या दिवशी खिडकीच्या चौकटीशी उदबत्ती धरली, की धूर हलतो आणि गळती सापडते. देव्हाऱ्यापाशी पुडा आहे, पण ती सेवा फक्त देवाला. कोटांना फोडणीचा वास लागू नये म्हणून एक्झॉस्ट लावतात. जेवणं उरकली तरी तो चालूच, आणि विकत घेतलेली ऊब बाहेर फेकतो आहे. सासूबाईंच्या खोलीत १५०० वॉटचा हीटर. तो आठ तास सलग चालला तर बारा युनिट! ते बिल वेगळ्या पाकिटातून येतं, म्हणून गॅसच्या बचतीत धरत नाहीत.

कुणी म्हणेल, ॲटिकमध्ये इन्सुलेशन घालायचं तर हजारोंचा खर्च आहे. कबूल. पण दाराच्या रबरी पट्टीला कितीसे लागतात? अडचण पैशाची नाहीच. थर्मोस्टॅट दिवाणखान्यात असतो. तो खाली करताना बायकोमुलांना दिसतो आणि घरावर आपला अंमल आहे असं वाटतं. फट बुजवायला सोफ्यामागे गुडघ्यांवर बसावं लागतं, आणि तिथे बघायला कोणी नसतं. बरं, पट्टी त्यानं आणलेली आहे. सेल होता म्हणून दोन रोल आणले. गराजमध्ये सीलबंद आहेत, परत करायची वेळ आली तर असावी म्हणून पावतीसकट.