काट्याचा क्षेत्रसंन्यास

काशीत कुणी उपाशी झोपत नाही, असं म्हणतात. अन्नपूर्णेचा तसा शब्दच आहे. खुद्द विश्वनाथ तिच्यापुढे झोळी घेऊन उभा राहतो. अशा गावात "मी संध्याकाळी सातनंतर काही खाणार नाही" असं जाहीर करणं म्हणजे ग्रामदेवतेशी उघड वैर. सासूबाईंनी ते तसंच घेतलं. त्यांचा जन्म दुर्गाघाटचा, मराठीही दुर्गाघाटची. "अगं, अन्नपूर्णा नाराज होईल. जास्ती नको, दोनच घे. कशाला परेशान होतेस?" यातले 'दोन' म्हणजे पुऱ्या.

माझं माहेर नगरचं. तिकडे निम्मं गाव डॉक्टर जगन्नाथ दीक्षितांच्या वाटेनं चाललंय: दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत उरकायचं आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. हे मी सासूबाईंना कौतुकानं सांगितलं. पण काशीतल्या मराठी माणसाला दीक्षित एकच, नारायण दीक्षित पाटणकर. अठराव्या शतकात कायगावहून इथं येऊन त्यांनी घाट बांधले, मराठी वस्ती वसवली. सासूबाई एकदम विरघळल्या. "दीक्षितांनी सांगितलंय? मग कर बापडी. आपल्या घाटाचेच ते." अडीचशे वर्षांचा घोटाळा मी मुद्दाम निस्तरला नाही.

साडेचार किलोमीटर पंचेचाळीस मिनिटांत चालायला मात्र नगरचा रस्ता हवा. आमच्या गल्लीत समोरून म्हैस आली की एकानं मागं जायचं असतं, आणि ती म्हैस जात नाही. म्हणून मी घाटाच्या पायऱ्या धरल्या. नदीपर्यंत उतरायचं, वर यायचं, पुन्हा उतरायचं. कुणीतरी काकांनी विचारलंच, "बहूजी, कुछ गिर गया है का?"

सुरुवातीला खरंच काहीतरी पडत होतं. वजनाचा काटा आठवड्याआड खाली सरके. ब्लाउज सैल झाले, शेजारणी हळूच "काही दुखणंबिखणं नाही ना?" म्हणू लागल्या, आणि मी हवेत गेले. मग अठ्ठ्याहत्तरवर काट्यानं क्षेत्रसंन्यास घेतला. क्षेत्रसंन्यास म्हणजे काशीत येऊन राहायचं आणि मरेपर्यंत पंचक्रोशीची हद्द ओलांडायची नाही. आमच्या काट्यानं व्रत फार निष्ठेनं पाळलं. मी उकडलेलं खाल्लं, तो हलला नाही. रात्रीचं जेवण सोडलं, तरी हलला नाही. एकादशीला मात्र हलला, पण वरच्या बाजूला. एकादशी, दुप्पट खाशी.

पुण्याची माझी भाची आहारतज्ज्ञ आहे. फोनवर तिनं ऐकून घेतलं. "मावशी, पहिल्या आठवड्यांत गेलं त्यात पाणीच खूप होतं. शरीरातली साखरेची शिल्लक संपते तेव्हा तिनं धरून ठेवलेलं पाणीही जातं. त्याचा आनंद तू फुकट घेतलास. आता तू हलकी झालीस, हलक्या शरीराला इंधन कमी लागतं. आणि उपासमार दिसली की शरीर खर्च आणखी आखडतं." मग तिनं मिनेसोटाची गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस तिथल्या विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन जवळजवळ पाव हिश्श्यानं उतरलं, पण शरीराचा खर्च त्याहूनही जास्त उतरला. पोरं चिडचिडी झाली, दिवसरात्र जेवणाचाच विचार करू लागली, काहींनी तर पाककृतींची पुस्तकं जमवली. हे ऐकून मी उशाखालची 'रुचिरा' हळूच फडताळात परत ठेवली.

"म्हणून सांगते," भाची म्हणाली, "आणखी कमी खाऊ नकोस. नीट खा, डाळी-कडधान्यं वाढव, झोप पुरी घे, पायऱ्या सोडू नकोस." सल्ला फुकटचा, सोपा आणि बिलकुल रोमांचक नसलेला. अशा सल्ल्यावर उत्साह टिकत नाही. माझाही टिकला नाही.

उत्साहासाठी आमच्या परिसरात आदर्श शोधावेत, तर ते एकमेकांशी भांडतात. एका अंगाला नाना फडणवीसांचा वाडा. नानांची चित्रं पाहिलीत ना? पेशवाईचा सगळा हिशेब वाहिला, पण अंगावर पावशेर मांस दिसत नाही. दुसऱ्या अंगाला पंचगंगा घाट, तिथे तैलंगस्वामींचा मठ. स्वामी 1887 साली गेले. परमहंस योगानंदांनी त्यांच्याबद्दल लिहिलंय की ते क्वचितच काही खात, आणि वजन तीनशे पौंडांच्या वर, म्हणजे 136 किलोंहून जास्त. ज्यांचा काटा हलत नाही अशा सर्वांचं हे आद्य दैवत. आणि ऐन घाटावर देवी ब्रह्मचारिणी, नवरात्रात दुसऱ्या दिवसाची मानकरी. शंकर मिळावा म्हणून तिनं आधी फळं-मुळं खाल्ली, मग नुसती वाळलेली बेलाची पानं, मग पानंही सोडली. तिच्या दर्शनाच्या रांगेत उभी राहून मी कॅलरी मोजल्या. भाचीला सांगितलं तर म्हणाली, "मावशी, देवीचं डाएट देवीलाच. तिच्या आईनं, मेनेनं तिला अडवलं होतं, मी तुला अडवतेय."

मग कार्तिक लागला. पंचगंगेवर आकाशदिवे टांगले गेले आणि सूर्योदयाआधी स्नानाला जाणाऱ्या म्हाताऱ्या माझ्याच पायऱ्या उतरू लागल्या. सत्तरीच्या, ऐंशीच्या. गुडघे कुरकुरताहेत, हातात तांब्या, तोंडात नाम. त्यांतल्या एकीला मी एका पहाटे धाप टाकत विचारलं, "आजी, रोज यायचा उत्साह कसा वाटतो हो?" त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "उत्साह कुठला? थंडी वाजते, कंटाळा येतो. यायचं असतं म्हणून येते." मी चावटपणे विचारलं, पुण्य किती जमलं ते कळतं का? म्हणाल्या, "ते वर लिहितात. आपण कशाला बघायचं?"

मी पायरीवरच बसले. ही बाई वर्षानुवर्षं उतरतेय आणि चित्रगुप्ताकडे एकदाही पासबुक भरायला गेलेली नाही. मी दर सकाळी अनवाणी, बांगड्या काढून, श्वास सोडून काट्यावर चढते आणि दिवसभराचा मूड त्याच्याकडून लिहून घेते. पलीकडे बालाजी मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ वर्षानुवर्षं रियाज करत. आज सूर पावशेरानं सुधारला का, हे मोजायला तिथं काही नव्हतं. कुलसुमच्या दुकानातली तुपातली कचोरीही त्यांनी सोडली नव्हती. हा भाग मी जरा मोठ्यांदा वाचून सासूबाईंना ऐकवला.

तेव्हापासून नेम धरलाय. पायऱ्या रोज, मन असो वा नसो. मन नसतंच बहुतेकदा. सकाळी कचोरी-जिलेबीच्या जागी सत्तू, कांदा घालून, लिंबू पिळून. कचोरी रविवारी, ठठेरी बाजारात उभी राहून, बिनदिक्कत. थंडीत मलइयो नावाची दुधाची मिठाई येते, त्यावर सासूबाईंचा युक्तिवाद असतो की त्यात फेसच तर असतो, हवेला काय वजन? त्या वादात मी महिन्यातून एकदा हरते. मोजायचं ते टेपनं, पौर्णिमेला. भारतीय बाईची कंबर 80 सेंटिमीटरच्या आत हवी म्हणतात. मी अजून सीमेवर पोचलेली नाही, पण टेप काट्याइतका हट्टी नाही. आणि वर येताना मधल्या बुरुजाशी थांबावं लागायचं, तिथं हल्ली मी म्हैस असेल तरच थांबते.

काटा सासूबाईंनी रद्दी तोलायला खाली नेला. परवा रद्दीवाला आला. आमच्या काट्यावर वर्तमानपत्रं नऊ किलो भरली, त्याच्या काट्यावर सात. सासूबाई त्याच्याशी अर्धा तास तावातावानं भांडल्या. मी मधे पडले नाही. दहा मिनिटांत दोन किलो उतरवणारा माणूस उगाच दुखवू नये. पुढच्या महिन्यात तो आला की आधी मी चढणार आहे.