बुढा सातबाऱ्यावर जित्ता हाये

3 सप्टेंबर 2025 रोजी बीजिंगमध्ये लष्करी संचलनाला निघालेले शी जिनपिंग आणि व्लादिमीर पुतिन लाल गालिच्यावरून चालत होते. दोघांचंही वय तेव्हा बहात्तर, सोबत किम जोंग उन. कुठला तरी माइक सुरू राहिला आणि अणुबाँब बाळगणारी माणसं चालता चालता काय बोलतात ते जगाला ऐकू आलं. अवयव बदलत राहिलं तर माणूस जितका जगेल तितका तरुण होत जाईल, कदाचित अमरही होईल, असं पुतिन यांचा दुभाषा सांगत होता. त्यावर शी म्हणाले, याच शतकात माणूस दीडशे वर्षं जगेल असा अंदाज आहे.

ही बातमी कामठ्याच्या पानठेल्यावर पोचली तेव्हा खर्रा घोटणं चालू होतं. महाराष्ट्रात बंदी असलेला हा पदार्थ आमच्या गोंदिया जिल्ह्यात भाताच्या खालोखाल खपतो आणि दीर्घायुष्यावरची सगळी चर्चा तो गालात ठेवूनच होते. बाबूजींनी पन्नीतली चिमूट तोंडात टाकली आणि म्हणाले, "दीडसेचं का घेऊन बसले बापा? आमचा बुढा पाहा. इंदिराबाई पडल्या त्या साली मेला. सातबाऱ्यावर अजून जित्ता हाये."

जगातली सर्वांत दीर्घायुषी म्हणून नोंद झालेली व्यक्ती म्हणजे फ्रान्सची जान कालमाँ. 122 वर्षं आणि 164 दिवस जगून ती 1997 मध्ये गेली. बाबूजींच्या आजोबांचं वय, घरचा हिशेब धरला तर, आज एकशे तीसच्या पुढे जातं. त्यांच्या नावावर दोन एकर धानाची बांधी आहे, आणेवारी आहे, सोसायटीचा जुना बोजाही आहे. कर्ज थकलेला माणूस मेलेला कसा असेल? हे वय जागतिक विक्रमात गेलं नाही त्याचं कारण इतकंच, की पटवाऱ्याकडून सही-शिक्क्याची नक्कल काढायला कोणी गेलं नाही.

(सरकारी भाषेत त्यांना तलाठी म्हणत. 2024 मध्ये त्या पदानंही देह ठेवला आणि 'ग्राम महसूल अधिकारी' म्हणून पुनर्जन्म घेतला. आमच्याकडे दोन्ही जन्मांत पटवारीच.)

अमेरिकेत ब्रायन जॉन्सन नावाचा एक धनिक आहे. न मरण्यासाठी तो वर्षाला वीस लाख डॉलर, म्हणजे सोळा कोटींहून जास्त रुपये खर्च करतो. एका काळात तो दिवसाला शंभरावर गोळ्या घेत होता आणि दिवसाचं शेवटचं जेवण सकाळी अकराच्या सुमारास उरकत होता. भारतात आला तेव्हा एका पॉडकास्टमधून तो मध्येच उठून गेला, हवा खराब आहे म्हणून. तो गोंदियाला आला नाही ते बरं झालं. धानाच्या हंगामात राइस मिलच्या धुरांड्याखाली उभं राहून त्याला वीस लाख डॉलर परत मागावेसे वाटले असते. 2023 मध्ये या गृहस्थानं आपल्या सतरा वर्षांच्या मुलाच्या रक्तातला प्लाझ्मा टोचून घेतला आणि दोन-तीन महिन्यांनी जाहीर केलं की फायदा काही दिसला नाही.

आपल्याकडे हा प्रयोग ययातीनं केव्हाच केला होता आणि त्याला फायदा दिसलाही होता. आपल्या मुलाचं, पुरूचं, तारुण्य घेऊन त्यानं हजार वर्षं उपभोगली असं महाभारत सांगतं. पण ययातीच्या गोष्टीतली महसुली बाजू कोणी लक्षात घेत नाही. मन भरलं नाही तरी शेवटी त्यानं तारुण्य परत केलं आणि राज्य पुरूच्या नावावर चढवलं. पुराणातला हा एवढा एक अमरत्वाचा उमेदवार, ज्यानं हयातीतच फेरफार करून दिला. बीजिंगच्या दोघांचं पाहा. एकानं 2018 मध्ये राष्ट्राध्यक्षाच्या मुदतीची घटनेतली मर्यादाच काढून टाकली. दुसऱ्यानं 2020 मध्ये घटना बदलून 2036 पर्यंतची सोय करून ठेवली. या माणसांना नवीन मूत्रपिंड हवं असतं ते जगण्याच्या हौसेपोटी, असं डॉक्टरांना वाटत असेल. कामठ्यात विचारा. पानठेल्यावरचं पोरगंही सांगेल की यांना वारसाची नोंद होऊ द्यायची नाही.

कामठ्याला या विषयात अधिकार आहे, कारण इथं सत्ता मरताना गावानं पाहिली आहे. एके काळी ही मोठी जमीनदारी होती. 1818 मध्ये इथल्या चिमना पटेलानं इंग्रजांविरुद्ध उठाव केला, फौज आली, किल्ला पडला आणि जमीनदारी दुसऱ्या घराण्याकडे गेली. तो फेरफार तोफेनं मंजूर केला. हरकतींसाठी पंधरा दिवसांची नोटीस कोणी चावडीवर लावली नसावी. पुढे मध्य प्रदेशच्या कायद्यानं 1951 मध्ये जमीनदारी आणि मालगुजारीच संपवली. म्हणजे अख्खी जमीनदारी मेली आणि तिची नोंद वेळेत झाली. बाबूजींच्या आजोबांची मात्र राहिली.

शेजारच्या बिरसीची धावपट्टी घ्या. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी बांधली, युद्ध संपलं, ती निजली. 2022 मध्ये एक विमान कंपनी आली, फुलं वाहिली गेली, काही महिन्यांत सेवा बंद. डिसेंबर 2023 मध्ये दुसरी कंपनी आली, पुन्हा फुलं. विमानतळाला परत परत जन्म घेता येतो. त्याला हयातीचा दाखला लागत नाही.

दाखला लागतो तो बाबूजींच्या घरच्या बुढीला. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला 1500 रुपये मिळतात आणि ते मिळत राहावेत म्हणून वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावं लागतं. बुढी समोर उभी असते, बोलत असते, बहुतेक वेळा शिव्याही देत असते. पण यंत्राला तिचा अंगठा हवा असतो. जन्मभर तेंदूच्या पानात तंबाखू भरून बिड्या वळल्या, रोवणीत चिखलात हात घातले, आता अंगठ्यावर रेषाच उरल्या नाहीत. यंत्र म्हणतं, जुळत नाही. मुलगा म्हणतो, दुसरं बोट लाव. दहाही बोटं लावून झाली की ऑपरेटर म्हणतो, उद्या या, सर्व्हर डाउन आहे. तिच्याच घरात, तिचा सासरा एकोणपन्नास वर्षांपूर्वी जळून राख झालेला, आणि त्याला आजवर एकदाही अंगठा मागितला गेलेला नाही.

अशी विषमता पाहून सरकारला लाज वाटली असावी. 2025 मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम निघाली. आधी बुलढाण्यात, मग 1 एप्रिलपासून राज्यभर. गावोगाव चावडीवाचन करायचं, मेलेल्या खातेदारांची यादी करायची, वारसांकडून कागद घ्यायचे आणि 10 मेपर्यंत नोंदी उरकायच्या. चाळीस दिवसांत महाराष्ट्रातले सगळे मेलेले मरणार होते. चित्रगुप्तालाही असा कालबद्ध कार्यक्रम कधी मिळाला नसेल.

मोहीम चांगली होती, हे मी गंभीरपणे म्हणतो. धान खरेदी केंद्रावर नोंदणी करायला सातबारा लागतो, बोनसला लागतो, पीक विम्याला लागतो, आणि तिथं आजोबांचं नाव असलं की नातवाची पंचाईत होते. पण नियम तरी नवीन कुठे होता? 1966 च्या जमीन महसूल संहितेत केव्हापासून लिहिलेलं आहे की वारसानं मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला द्यावी. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करावी असा 1969 चा कायदा आहे. वर्ष उलटलं की त्यासाठी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. 1977 मध्ये मेलेल्या माणसाला आज मारायचं तर केवढी यातायात! साक्षीदार म्हणून ज्यांना न्यावं, ते स्मशानात खांदा द्यायला गेलेले चौघंही आता खात्यावरच जिवंत आहेत.

तरी लोक कागदाच्या त्रासामुळे नोंद करत नाहीत हे खरं नाही. कामठ्यात लहरी बाबांचा आश्रम आहे. लांबून माणसं येतात, देह नश्वर आहे हे ऐकतात, माना डोलावतात. मनापासून डोलावतात, यात शंका नाही. मरणाला घाबरणारी माणसं आमच्याकडे कमीच. रात्री मोटारपंप सुरू करायला अनवाणी बांधीत जाणारा माणूस, जिथं मण्यार आणि घोणस दोन्ही वस्तीला असतात, तो कसला घाबरतो? देह नश्वर आहे हे त्यानं कबूल केलेलं आहे. सातबारा नश्वर आहे असं मात्र कुठल्या कीर्तनकारानं अजून सांगितलेलं नाही.

चांगदेवाचं पाहा. परंपरा सांगते की काळ आला की समाधी लावायची आणि तो गेला की उठायचं, असं करत तो चौदाशे वर्षं जगला. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसला तर मायना सुचेना. वयानं लहान म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानानं थोर म्हणून नमस्कार? शेवटी कोरा कागद पाठवला. उत्तराच्या पासष्ट ओव्या पाठवणारे ज्ञानेश्वर 1296 मध्ये एकविसाव्या वर्षी समाधिस्थ झाले. आणि चौदाशे वर्षांच्या त्या योग्याला गुरू म्हणून चालली ती मुक्ताबाई, वयानं पोर. मला नेहमी वाटतं, चांगदेवाला चौदाशे वर्षं जगणं परवडलं, कारण त्याच्या मागे भाऊबंद नव्हते. असते तर पहिल्याच शतकात कोणी तरी वाटणीचा दावा लावला असता.

इकडे शहरातल्या सुशिक्षितांना उलटी चिंता. नळ्या लावून आपल्याला उगाच जगवत ठेवू नये म्हणून त्यांना आधीच लिहून ठेवायचं असतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या खाटेवर अरुणा शानबाग बेचाळीस वर्षं पडून होत्या. त्यांच्या खटल्यात 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पहिल्यांदा दार किलकिलं केलं, 2018 मध्ये असं इच्छापत्र करायची मुभा दिली आणि 2023 मध्ये पद्धत सोपी केली. सोपी म्हणजे दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, प्रत सांभाळायला स्थानिक संस्थेचा अधिकारी, आणि वेळ येईल तेव्हा डॉक्टरांची एक समिती आणि तिच्यावर दुसरी समिती. मी हे पानठेल्यावर समजावून सांगितलं. बाबूजी बराच वेळ खर्रा चघळत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे जगाचं असन तं अंगठा, मराचं असन तं दोन साक्षीदार. मंग आमच्या बुढ्याचंच बरं हाये."

एवढं सगळं ऐकून मी त्यांना सरळ विचारलं, मोहीम आली होती, पटवारी दारात आला होता, काहून नाही केली नोंद? बाबूजींनी इकडेतिकडे पाहिलं. ठेल्यावर आणखी दोघं होते, त्या दोघांनीही इकडेतिकडे पाहिलं. प्रश्न सगळ्यांच्याच घरचा होता.

गोष्ट अशी की बुढा मेला की बहिणी जिवंत होतात. 2005 च्या दुरुस्तीनं हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका जन्मसिद्ध हक्क दिला आणि ऑगस्ट 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं की त्यासाठी 2005 मध्ये बाप जिवंत असायची गरज नाही. सातबाऱ्यावर एक बुढा असतो तोवर बांधी भाऊच कसतात, धान भाऊच विकतात, आणि बहीण आखाजीला, दिवाळीला येऊन साडी घेऊन जाते. वारसाची नोंद करायला घेतली की पटवारी पहिला प्रश्न विचारतो: बहिणी किती? मग बाबूजींच्या तीन बहिणी, वारलेल्या आत्याची चार लेकरं, सगळी एका रकान्यात येऊन बसतात. आजोबांच्या दीर्घायुष्याचं रहस्य हे आहे. आहार नाही, व्यायाम नाही, प्लाझ्मा नाही. मुलांनी आणि नातवांनी एकमतानं त्यांना मरू दिलेलं नाही. भाऊबंदकीत इतर कुठल्याही मुद्द्यावर असं एकमत झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

अखेर बोनसपायी नमतं घ्यावं लागलं. बाबूजींनी वारसाचा अर्ज केला आणि सोबतच बहिणींच्या तीन हक्कसोडपत्रांची तयारी ठेवली. दोन बहिणींनी साडी घेतली आणि जिथं बोट दाखवलं तिथं सही केली. भावाचं मन मोडायचं नाही म्हणून. धाकटी बालाघाटकडे दिली आहे. ती सकाळच्या गाडीनं गोंदियाला उतरली, ऑटोनं कामठ्याला आली, जेवली, साडीचा पोत बोटांनी पाहिला, बरी आहे म्हणाली. बाबूजींनी पेन पुढे केला. तिनं पर्समधून चष्मा काढला, चार पानं वाचली, मग मोबाइल काढून धान खरेदी केंद्राचा भाव पाहिला. क्विंटलला 2369 रुपये. तिनं मनात गुणाकार केला असावा, कारण ओठ हलत होते.

"भाऊ," ती म्हणाली, "बाबाच्या बापाले आनखी काही दिवस जगू दे. म्या वकिलाले विचारून येतो."