आगाऊ आभार

आमच्या आजीचा देवावर पूर्ण विश्वास होता, घरातल्या माणसांवर बेताचा. त्यामुळे बंब आईनं पेटवला, दूध मी आणलं, तरी त्याची पोच देवघरात जायची. पाणी तापलं, दूध नासलं नाही, अण्णा जीसीएफ या तोफगाडी कारखान्यातून सायकलसकट परतले. 'सायकलसकट' हा शब्द ती देवाला मुद्दाम ऐकवायची. एकदा आई म्हणाली, "मग उद्याचे पोहेही नर्मदामाईलाच सांगा." आजीनं सुनेला सुबुद्धी मिळावी म्हणून लगेच जादा नमस्कार घातला. त्यावर घरात जे झालं ते इथं नको.

आमचं जबलपूर १७९८ साली नागपूरकर भोसल्यांकडे आलं आणि १८१७ मध्ये गेलं. आमच्यासारखी बरीच मराठी घरं त्यानंतर नोकरीपायी आली, तरी त्या एकोणीस वर्षांचा तोरा आम्ही अजून मिरवतो. आजीचा तोरा मात्र वेगळा. संकटात देव कुणालाही आठवतो म्हणे. काही घडलेलं नसताना त्याला गाठण्यातच खरी हुशारी.

२१ मे १९९७ च्या रात्री काहीच घडलेलं नव्हतं. वीज गेली, कूलर थंडावला, सगळे गाद्या घेऊन गच्चीवर. कठड्याकडची हवेशीर जागा कुणाची यावर भांडण, मग काकाचं घोरणं. वैशाखी पौर्णिमेच्या चांदण्यात आजी हात जोडून म्हणाली, "वीज घालवलीस, बरं केलंस. एरवी ही मंडळी एका जागी येत नाहीत." आम्ही खूप हसलो.

पहाटे सव्वाचार वाजून गेले आणि गच्ची हलली. काका झोपेतच ओरडला, "कोण लाथा मारतंय?" जमिनीखाली सुमारे ३५ किलोमीटरवर काहीतरी सरकलं होतं. आमच्या जिन्याला भेग पडली, एवढंच. पण कोसमघाट गाव जवळजवळ भुईसपाट झालं, सगळी मिळून चाळीसच्या आसपास माणसं गेली. आजी त्या दिवशी देवघरात बसली, पण बराच वेळ काही बोलली नाही.

आमची गल्ली मात्र एका रात्रीत भाविक झाली. शेजाऱ्यांनी तंबाखू सोडली (आठवड्याभरासाठी), काकानं सत्यनारायण बोलला, नर्मदेच्या ग्वारीघाटावर पाय ठेवायला जागा उरेना. मदनमहाल किल्ल्याजवळचा, तोल सांभाळून बसलेला दगड जागचा हलला नव्हता, तोही लोक बघून आले. आम्हाला वाटलं, आजी खूश होईल.

ती चांगलीच वैतागलेली होती. चहा फुंकत म्हणाली, "जिन्याचं त्याला दिसतंय, ते सांगायला नको. चहात आज आलं बरोबर पडलंय, ते कळवायचं होतं. पण ही सगळी मध्येच घुसली ना! आता माझा नंबर कधी लागायचा?"