लेव्हलवाले मिस्त्री

पूल टेबल बसवणारे मिस्त्री घरात शिरले, की टेबलासाठी रिकाम्या केलेल्या हॉलकडे बघत नाहीत, आणि हौसेने चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या मालकाकडे तर नाहीच नाही. ते फरशीकडे बघतात. एक डोळा मिटतात, मान तिरकी करतात आणि विचारतात, "फरशी कुणी बसवली?" बिल्डरचं नाव सांगितलं तर "वाटलंच" म्हणून मान हलवतात. नाही सांगितलं, तरी हलवतात.

मिस्त्रींचं जीवनविषयक मत ठाम आहे : या जगात काहीही लेव्हलमध्ये नाही. जमीन नाही, भिंती नाहीत, महापालिका नाही आणि थोरला जावईही नाही. आणि जे जे वाकडं आहे, ते ते आधी येऊन गेलेल्या मिस्त्रीमुळे आहे.

हल्ली त्यांना कामाला तोटा नाही. कुठलं तरी पूल पार्लर भाडं परवडेना म्हणून बंद होतं, कुठली तरी कंपनी ऑफिस बदलते आणि कर्मचाऱ्यांच्या मनोरंजनासाठी घेतलेलं टेबल नव्या जागेत नकोसं होतं. मग बाणेर-वाकडकडचा एखादा हौशी गृहस्थ ते निम्म्याहून कमी किमतीत पटकावतो. पैसे देऊन झाल्यावर त्याला प्रश्न पडतो, "असंच्या असं टेम्पोत चढेल ना?" इथून पुढे मिस्त्रींचं राज्य सुरू होतं.

कारण टेबल असंच्या असं कुठेच चढत नाही. हिरव्या कपड्याखाली दगड असतो, ही बातमी बहुतेक मालकांना खरेदीनंतर कळते. लाकडी फळी दमट हवेत वाकते, म्हणून लंडनच्या जॉन थर्स्टन यांनी १८२६च्या सुमारास टेबलात स्लेटचा दगड घातला. टेबल वाकायचं थांबलं. तेव्हापासून हमालांच्या कंबरा वाकताहेत. आठ फुटी टेबलात हा दगड तीन तुकड्यांत असतो. जाडी साधारण एक इंच आणि एकेका तुकड्याचं वजन सत्तर किलोच्या आसपास.

टेबल खोलण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी पॉकेट सुटतात, मग खालून बोल्ट काढून कडेच्या रबरी पट्ट्या. मग कपड्याच्या असंख्य स्टेपल पिना एकेक करून उपटायच्या, सांध्यांतलं मेण खरवडायचं आणि शेवटी स्लेटचे स्क्रू. मालक प्रत्येक पायरीचा फोटो काढत असतो. मिस्त्री त्याला काढू देतात. "फोटोत लेव्हल येते का?" एवढंच विचारतात. त्यांची स्वतःची पद्धत म्हणजे स्लेटच्या पाठीवर खडूने १, २, ३ लिहायचं आणि सगळे बोल्ट दुधाच्या पिशवीत टाकून ती पिशवी शर्टाच्या खिशात ठेवायची. कारागिरांवर त्यांचा विश्वास आहे. कारागिरांच्या खिशांवर नाही.

दगड उचलताना मात्र त्यांचा आवाज बदलतो. "उभी धर! उभी! आडवी नेलीस तर मधून जाईल!" हे खरंच आहे. आडवी धरलेली स्लेट स्वतःच्याच वजनाने झोल खाते आणि तडकते. पोरं ती उभी धरून, श्वास रोखून, एकेक पाऊल टाकत नेतात. पुढे मिस्त्री रिकाम्या हाताने उलटे चालत असतात. सगळ्यांत जास्त घाम त्यांनाच येतो.

लिफ्टशी सोसायटीचे सेक्रेटरी उभे असतात. ते आतल्या पाटीवर बोट ठेवतात : ६ व्यक्ती, ४०८ किलो. "दगड चालणार नाही." मिस्त्री शांतपणे हिशेब मांडतात. "म्हणजे माणूस अडुसष्ट किलोचा धरलाय. एक स्लेट म्हणजे एक माणूस, साहेब. फक्त मेंटेनन्सवरून भांडत नाही." सेक्रेटरी बाजूला होतात. आयुष्यात प्रथमच त्यांना असा रहिवासी भेटलेला असतो.

वर गेल्यावर मिस्त्री टेप काढतात. क्यू अठ्ठावन्न इंची. तो चारही बाजूंनी मोकळा फिरायचा तर आठ फुटी टेबलाला सतरा बाय साडेतेरा फुटांची खोली लागते. मालकाचा हॉल सोळा बाय अकरा. "एका बाजूने शॉट मारला की टीव्ही, दुसऱ्या बाजूने देवघर," मिस्त्री निकाल देतात. मालकाचा चेहरा पडला, की आखूड क्यू मिळतो हेही तेच सांगतात. कुठे मिळतो, तर त्यांच्याकडे.

एवढ्यात आजोबा कोचावरून म्हणतात, "आमच्या वेळी कॅरमवर बोरिक पावडर टाकली की झालं." हा घाव मिस्त्रींच्या वर्मी बसतो. पूल हा मुळात त्यांच्याही लेखी पोरखेळच. खरं टेबल म्हणजे जिमखान्यातलं बारा फुटी : पाच स्लेट, आठ पाय आणि वजन टनाच्या वर. पण कॅरमवाल्यांपुढे ते पूलचीही बाजू सोडत नाहीत. "विल्सन जोन्स पुण्यात जन्मले, बाबा. १९५८ साली बिलियर्ड्सचे जगज्जेते. कुठल्याही खेळात एकट्याने जग जिंकणारा पहिला भारतीय." हे अगदी खरं आहे. जोन्स ज्या टेबलावर खेळले त्याला आपल्या गुरूंचा हात लागला होता, हे पुढचं वाक्य तपासता येत नाही. गुरूंचं नाव विचारलं, की मिस्त्रींना चहा गार होत असल्याचं आठवतं.

मग बसवणं सुरू होतं आणि बोलणं थांबतं. आधी सांगाडा, त्यावर एकेक स्लेट. काचेच्या नळीतला बुडबुडा जिकडे सरकेल त्याच्या समोरची बाजू उचलायची आणि खाली कागदाएवढी पातळ पट्टी सरकवायची. पुन्हा बघायचं. पुन्हा पट्टी. सांध्यावर नख फिरवायचं. नख अडकलं तर दोन दगड एका पातळीत नाहीत. मग वितळवलेलं मेण सांध्यात ओतून, गार झालं की खरवडून सपाट करायचं. या तासाभरात घरात कुणी कपाट जरी उघडलं, तरी मिस्त्री त्या दिशेला बघतात.

जुन्या पट्ट्यांमध्ये त्यांना आधीच्या मिस्त्रीची पापं सापडतात : पत्त्यांतली चौकट राणी, दातांच्या डॉक्टरचं कार्ड, घडी घातलेलं बसचं तिकीट. एकेक वर धरून ते मालकाला दाखवतात. "याला काम म्हणतात? कुणी केलंय हे?" एका टेबलाचा सांगाडा पुसताना आतल्या बाजूला पेन्सिलीने तारीख आणि मोबाइल नंबर लिहिलेला निघाला. पोराने नंबर मोठ्याने वाचला. तो मिस्त्रींचाच होता. मिस्त्री क्षणभरही अडखळले नाहीत. "तेव्हाची जमीन वाकडी होती," म्हणाले आणि चौकट राणी खिशात टाकली.

शेवटी कपडा ताणून बसतो, पट्ट्या आवळल्या जातात. मिस्त्री एक बॉल हातात घेतात आणि टेबलाच्या लांबीभर अगदी संथ सोडतात. जोराच्या बॉलला उतार कळत नाही, संथ बॉलला सगळं कळतं. तो सरळ जातो, रबराला लागतो आणि आला त्याच रेषेत परततो. मालक टाळ्या वाजवतो आणि मिस्त्रींच्या हातात क्यू देतो, "एक गेम?" मिस्त्री क्यू भिंतीला टेकवून ठेवतात. त्यांना खेळता येत नाही आणि शिकायची इच्छाही नाही. खेळणारे टेबलाच्या कडेवर बसतात, याचा त्यांना राग आहे.

पैसे मोजून घेतल्यावर ते मालकाचा नंबर मागतात. "विकायचं झालं की आधी मला सांगा. गिऱ्हाईक आहे." मालक दुखावून म्हणतो, आम्ही कशाला विकू? मिस्त्री वाद घालत नाहीत. नाव विचारायच्याही भानगडीत न पडता फोनमध्ये नोंद करतात : 'बाणेर, आठ फुटी, स्लेट चांगली, दीड वर्ष.'