सही तेवढी करा

नोकरी लागली, पेढे वाटून झाले, ठेकेदाराच्या माणसानं आधार कार्डाची झेरॉक्स आणि दोन फोटो घेतले. आता सकाळी साडेआठला एमआयडीसीतल्या गेटवर हजर व्हायचं. तिथे तुमच्या नोकरीतला सर्वांत सुरक्षित तास सुरू होईल. त्याला ‘सेफ्टी इंडक्शन’ म्हणतात. त्या तासात कुणाला इजा झाल्याचं ऐकिवात नाही, कारण सगळे खुर्चीवर बसलेले असतात.

हॉलमध्ये एसी असतो. पुढे तो तुमच्या वाट्याला येणार नाही, तेव्हा हौस भागवून घ्या. पडद्यावर गोरेपान कामगार दिसतात. त्यांचे बूट चकचकीत, हातमोजे कोरे, आणि एखाद्यानं धोका दिसला म्हणून काम थांबवलं तर त्यांचा साहेब चक्क त्याचे आभार मानतो. फिल्म कल्पित आहे, हे चाणाक्ष माणसाला इथेच कळतं. निवेदन इंग्रजीत, खालच्या ओळीही इंग्रजीत. शेजारी बसलेला परभणीचा पोरगा आणि त्याच्या पलीकडचा ओडिशाचा, दोघंही योग्य जागी मान डोलावतात. सूचना इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेत लावाव्यात, असं 1948 च्या कारखाना कायद्यात लिहिलं होतं. पण कायदा बोलला तो फलकांबद्दल, फिल्मबद्दल नाही. कायदा करणाऱ्या बिचाऱ्यांना 1948 साली काय कल्पना!

फिल्म संपली की परीक्षा. वीस प्रश्न, आणि उत्तरं फळ्यावर लिहिलेली. सातव्याचं उत्तर ‘ब’ आहे, हे दोनदा ओरडून सांगितलं जातं. कुणी नापास झाला तर ठेकेदाराला दुसरा माणूस शोधावा लागेल, संध्याकाळची शिफ्ट अडेल. म्हणून महाराष्ट्रात ही एकच परीक्षा अशी उरली आहे, जिचा निकाल शंभर टक्के लागतो आणि जिला क्लास लावावा लागत नाही.

मग रजिस्टर येतं. खरं तर सगळा घाट या रजिस्टरासाठीच घातलेला असतो. फिल्म, परीक्षा आणि क्रीमचं बिस्किट ही त्याची तोंडीलावणी. ‘इथे सही करा, इथे करा, आणि इथे. तारीख राहू द्या, ती आम्ही टाकतो.’ या तीन सह्यांत तुम्ही मान्य करता की कामातले सगळे धोके तुम्हाला समजावून सांगितले, सगळी साधनं मिळाली, ती वापरता येतात, आग विझवता येते आणि बेशुद्ध माणसाला शुद्धीवर आणता येतं. एका तासात माणूस इतका तयार होत असेल तर आयटीआय कशाला चालवतात कोण जाणे.

साधनं मिळाल्याची सही झाली, की साधनं मागायला स्टोअरला जायचं. ‘आठ नंबरचे बूट संपलेत. सहा आहे आणि दहा आहे.’ तुमचा नंबर आठ. ‘दहा घ्या, आत दोन मोजे घाला. सगळे तसंच करतात.’ हेल्मेट मिळतं, त्यावर आयएस 2925 चा शिक्काही असतो, फक्त हनुवटीचा पट्टा नसतो. आतल्या बाजूला मार्करनं आधीच्या माणसाचं नाव लिहिलेलं असतं. तो सध्या कुठे असतो हे स्टोअरकीपरला विचारू नये. पहिल्या पगारातून बुटांचे पैसे कापले जातात. सुरक्षेसाठी जे काही पुरवायचं त्याचे पैसे कामगाराकडून घेऊ नयेत, असं 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेतही लिहिलेलं आहे. ठेकेदार ते नाकारत नाही. तो म्हणतो, हे बुटांचे पैसे नाहीतच, ॲडव्हान्स आहे.

आत शिरताना गेटजवळ एक मोठा फलक दिसेल. ‘अपघातमुक्त दिवस’ आणि पुढे आकडा. हा आकडा रोज एकानं वाढतो. तो खाली कसा आणायचा, हे सिक्युरिटीवाल्याला कुणी शिकवलेलं नाही. आता याच्या मागची कारागिरी बघा. अपघातानंतर माणूस 48 तास किंवा त्याहून जास्त काळ कामावर येऊ शकला नाही, तर कारखान्याला सरकारदरबारी कळवावं लागतं. मग तो 48 तासांच्या आत आला तर? म्हणून पायाचं बोट चिरडलेल्या फिटरच्या दारात दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीची बोलेरो उभी राहते. एरवी त्याची बस चुकली तर अर्धा दिवस कापणारी हीच कंपनी. दोघं जण त्याला धरून आत आणतात, त्याचं कार्ड पंच करतात, कॅन्टीनच्या कोपऱ्यात एका खुर्चीवर त्याला आणि दुसऱ्या खुर्चीवर त्याचा पाय ठेवतात. हातात कालचा पेपर, दर तासाला चहा. कुणी विचारलं तर त्याला ‘हलकं काम’ दिलेलं आहे. जखम ठणकते, बँडेज भिजतं, पण हजेरी भरते. असे चार दिवस गेले की फलकावरचा आकडाही चारानं पुढे गेलेला असतो.

या आकड्याचं चीज 4 मार्चला होतं. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना 4 मार्च 1966 ची, म्हणून तो राष्ट्रीय सुरक्षा दिन. त्या दिवशी हात पुढे करून शपथ, घोषवाक्य स्पर्धा, पहिल्या तिघांना स्टीलचे डबे, आणि शून्य अपघातांबद्दल प्लांटला ढाल. ढालीच्या फोटोत फिटर दिसत नाही. फोटो उभ्यानं काढायचा होता.

टाकीचं मात्र नीट ऐका, कारण तिथे डोकं चालवायला वेळ मिळत नाही. केव्हातरी सुपरवायझर म्हणेल, ‘अरे, दोन मिनिटांचं काम आहे, उतर आणि व्हॉल्व्ह बघून ये.’ आठ तासांच्या कामाला परमिट काढतात, दोन मिनिटांच्या कामाला लाज वाटते. काढलंच तर ते सकाळीच भरून ठेवलेलं असतं. गॅस तपासणीच्या रकान्यात ऑक्सिजन 20.9 टक्के. हा आकडा कधी चुकत नाही, कारण तो पुस्तकातला आहे. मीटरची बॅटरी गणपतीच्या आधीच गेली.

सांडपाण्याच्या टाकीत, गटारात, गाळ साचलेल्या खड्ड्यात हायड्रोजन सल्फाइड धरून राहतो. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतो. त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो, एवढं फिल्ममध्ये सांगतात. प्रमाण वाढलं की आधी नाकच बधिर होतं आणि वास येणं बंद होतं, हे सांगायची वेळ येते तेव्हा जेवणाची सुट्टी झालेली असते. मग कुणीतरी झाकण सरकवतो, वाकून हुंगतो आणि म्हणतो, ‘वास गेला रे, उतर.’ पहिला उतरतो आणि हाकेला ओ देत नाही. त्याला काढायला दुसरा धावतो, दुसऱ्यासाठी तिसरा. दुसऱ्या दिवशी पेपरात तिघांचे फोटो शेजारी शेजारी. त्यातले दोघे टाकी साफ करायला उतरलेच नव्हते, ते सोबत्याला वाचवायला गेले होते. कारखाना कायद्याच्या कलम 36 मध्ये याचा बंदोबस्त दोन ओळींत केलेला होता. आत हवा तपासल्याचं जाणकाराचं लेखी प्रमाणपत्र हवं, नाहीतर आत जाणाऱ्याच्या तोंडाला श्वसनाचं उपकरण, कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर आणि दोराचं मोकळं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. दोराला फार पैसे पडत नाहीत. पैसे पडतात ते बाहेरच्या माणसाच्या हजेरीचे, आणि नुसता दोर धरून उभा असलेला माणूस ठेकेदाराला बघवत नाही.

मॉक ड्रिलची तारीख गुप्त असते. ती फक्त सर्व विभागप्रमुख, सिक्युरिटी, कॅन्टीनवाला आणि फोटोग्राफर एवढ्यांनाच माहीत असते. भोंगा वाजला की सगळे असेंब्ली पॉइंटला जमतात, म्हणजे त्या पाटीखाली उभ्या असलेल्या साहेबांच्या गाडीभोवती. जखमी म्हणून वजनानं हलका माणूस निवडतात, कारण जखमी खोटा असला तरी स्ट्रेचर उचलणारे खरे असतात. वायुगळती झाली तर वाऱ्याला आडवं पळायचं, असं सांगतात. वारा कुठला, हे दाखवणारी कापडी नळी गेल्या पावसाळ्यात फाटली, तिची मागणी परचेसला गेलेली आहे.

ऑफिसवाल्यांनी हसू नये. तुमच्या मजल्यावर आणीबाणीचा जिना आहे, त्यात जुन्या फायलींचे खोके आहेत आणि दाराला चोरीच्या भीतीनं कुलूप आहे. किल्ली ॲडमिनकडे, ॲडमिन रजेवर. इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं, आणि ते दिलं जातं, कुलपासकट. राज्यभर हे नियम पाठवणारं मंत्रालय स्वतः 21 जून 2012 ला पेटलं होतं, तेव्हा तुम्हाला एकट्यालाच कमीपणा वाटायचं कारण नाही.

पर्यावरणाला इंडक्शनमध्ये शेवटची दोन मिनिटं मिळतात. कागद पाठपोट वापरा, नळ बंद करा, जाताना दिवा घालवा. थोडक्यात, पृथ्वी बिघडली ती क्लार्क लोकांमुळे. 5 जूनला साहेब रोप लावतात, पाहुण्यांना प्लास्टिकच्या चिमुकल्या बाटल्यांतून पाणी देतात आणि फ्लेक्सवर मोठ्या अक्षरांत प्लास्टिकचा निषेध करतात. मागच्या बाजूनं नाल्यात काय जातं, याची स्लाइड नसते. ते बाहेरच्यांना आपोआप कळतं. डोंबिवलीत जानेवारी 2014 मध्ये हिरवा पाऊस पडला. फेब्रुवारी 2020 मध्ये तिथलाच एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. मधे ऑगस्ट 2017 मध्ये तळोज्याला कासाडी नदीकाठची भटकी कुत्री निळी होऊन हिंडू लागली, त्यांचे फोटो जगभर गेले आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला एक कारखाना बंद करावा लागला. कंपनीचा नाइलाज झाला. कुत्र्यांना इंडक्शन दिलेलं नव्हतं, रजिस्टरात त्यांच्या सह्या नव्हत्या.

सह्या आसपास राहणाऱ्या माणसांच्याही नसतात. डोंबिवलीकरांना मे महिन्यातल्या दोन तारखा पाठ आहेत, 26 मे 2016 आणि 23 मे 2024. पहिल्या वेळी प्रोबेस, दुसऱ्या वेळी अमुदान. दोन्ही वेळा कारखान्यात स्फोट, माणसं गेली, लांबलांबच्या घरांच्या काचा फुटल्या आणि धोकादायक कारखाने हलवण्याची चर्चा झाली. चर्चा मात्र कधी अपघातानं थांबत नाही, तिची प्रकृती उत्तम असते.

तुमची सही आहे, म्हणून तुमचं प्रकरण वेगळं. उद्या तुम्हाला काही झालं तर चौकशीच्या टेबलावर पहिला कागद येईल तो मशिनच्या देखभालीचा नव्हे, तुमच्या सहीचा. कामगाराला धोक्याची पूर्ण कल्पना देण्यात आली होती. साधनं देण्यात आली होती. परीक्षेत त्याला वीसपैकी वीस गुण होते. एवढं असून त्यानं हयगय केली. तुम्ही म्हणाल, बूट दहा नंबरचे होते. पण ते कुठे लिहिलंय?

फिल्ममध्ये एक गोष्ट येत नाही, ती इथे सांगतो. आपल्या कामात काय धोका आहे याची माहिती मालकाकडे मागायचा हक्क कामगाराला आहे. जिवावर बेतेल असं दिसलं तर ते मालकाला आणि सरकारी निरीक्षकालाही कळवायचा हक्क आहे. भोपाळनंतर, 1987 मध्ये, कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा हे आलं, आणि नव्या संहितेतही ते ठेवलेलं आहे. दुरुस्ती व्हायला भोपाळ घडावं लागलं, हे जाता जाता.

तेव्हा सही करा, नोकरी हवी आहे. पण तारीख आपल्या हातानं घाला, त्याच दिवसाची. बूट मिळाले नसतील तर त्या रकान्यात ‘मिळाले नाहीत’ असं स्पष्ट मराठीत लिहा. साहेब जरा नाराज होतील, पण मराठी त्यांना वाचता येतं. आणि टाकीत उतरायची वेळ आली तर दोराचं दुसरं टोक कुणाच्या हातात आहे ते बघा, त्याला शिफ्ट संपेपर्यंत तिथून हलणार नाहीस ना, असं विचारा, आणि तो हो म्हणाला तरच उतरा.